हार नको, दाखल क्रमांक द्या!

मुंबईतल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाचा फळा वर्षभर वाचून बघा. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा फोटो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, कलामसाहेबांचा फोटो. दिवाळीत दिवाळी अंकांचं प्रदर्शन. मधल्या काळात मधुमेहावर डॉक्टर, गुंतवणुकीवर बँकवाला, पाककलेवर वहिनी. आणि १४ एप्रिलला आपले बाबासाहेब. कपाटावरचा फोटो खाली येतो, त्याच्यावर फडकं मारलं जातं, हार पडतो, अध्यक्ष 'महामानव' हा शब्द पाच वेळा उच्चारतात, चहा होतो. १५ एप्रिलला फोटो परत कपाटावर. झाली क्रांती.

अलीकडं या फळ्यावर आणखी एक टूम आलीय. स्थानिक इतिहास. परिसराच्या इतिहासावर व्याख्यान, जुन्या फोटोंचं प्रदर्शन, वारसा फेरी, ज्येष्ठ रहिवाशांचा सत्कार. टूम वाईट नाही. उलट मी म्हणतो, वाचनालयातल्या सगळ्या कार्यक्रमांत हाच एक आपल्या कामाचा आहे. म्हणूनच तो कुणाच्या हातात आहे हे विचारलं पाहिजे. कुणाचा परिसर? कुणाचा इतिहास? कोण सांगतो, कोण ऐकतो, आणि मुख्य म्हणजे लिहून कोण ठेवतो?

मध्य मुंबईतल्या एका वाचनालयात असा कार्यक्रम ऐकला. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण पाटी बदलली तरी भाषण तेच असतं. सात बेटं झाली. पोर्तुगीज झाले. आंदण झालं. गव्हर्नर झाले, शेठजी झाले, शेठजींनी बांधलेली देवळं झाली, गिरण्यांची धुराडी झाली, दोन क्रिकेटपटू आणि तीन नट झाले, एक खानावळ झाली. दीड तास. या दीड तासात गिरणी चालवणारा माणूस एकदाही आला नाही. बोटी रिकाम्या करणारा आला नाही. रस्ता झाडणारा आला नाही. धुराडं दिसलं, त्याखालचा माणूस दिसला नाही. शेवटी मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. म्हणाली, "माझा सासरा गोदीत गेला, भडका झाला तवा. त्याचं नाव कुठं लिवलंय का हो?" वक्ते हसले. म्हणाले, "आजी, वेळ संपत आलीय, आपण चहाला बोलू." चहाला वक्त्यांना टॅक्सी मिळाली. दुसऱ्या दिवशी अहवाल लागला : कार्यक्रम खेळीमेळीत पार पडला.

म्हातारीचा प्रश्न अहवालात नाही. तो इथं लिहितोय, कारण तिला उत्तर देणं लागतो आपण.

भडका म्हणजे १४ एप्रिल १९४४. तारीख नीट वाचा. त्या दिवशी बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत! हा माल आम्ही भरला असता तर आम्हाला अडाणी म्हणाले असते. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. गोदी गेली, जहाजं गेली, वखारी गेल्या, आजूबाजूची वस्ती पेटली. सिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटाची नोंद झाली. मशीद बंदराच्या हमालाची नोंद झाली नाही.

मेलेल्यांचा आकडा बघा. कुणी ८०० लिहितो, कुणी १३००. पाचशेचा फरक! पाचशे गाठी कापूस कमी भरला असता तर मुकादमाला खडी फोडायला पाठवला असता. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट उडून मैलभर लांब एका घरात पडली, तिची गोष्ट आजही सांगतात. पुढं गाळ उपसताना विटा सापडल्या, त्यांच्या बातम्या झाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्यासाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून सप्ताह पाळतात. पाळलाच पाहिजे, ते मर्दासारखे आगीत गेले. पण त्यांची नावं राहिली, कारण ते हजेरीपटावर होते. आणि हमाल? त्या काळात गोदीतला गडी म्हणजे टोळीवाल्याच्या हाळीवर आत गेलेला माणूस. काम असलं तर आत, नसलं तर फाटकाबाहेर. गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला १९४८ साली, स्फोटानंतर चार वर्षांनी. ज्याचं नाव जिवंतपणी कुठल्या वहीत नव्हतं, त्याचं नाव मेल्यावर कुठून येणार? ती व्हिक्टोरिया गोदीसुद्धा आता बुजवली. पाणीही राहिलं नाही साक्षीला.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. मला वहीची किंमत कुणी शिकवायला नको.

आता वाचनालयाच्या वहीबद्दल बोलू. वाचनालयात पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढतं. त्याला एक क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, मग ते कपाटात जातं. एकदा क्रमांक पडला की ते पुस्तक वाचनालयाचं. हरवलं तर जाब विचारता येतो, काढून टाकायचं तर ठराव करावा लागतो. व्याख्यानाला क्रमांक नसतो. सत्काराला नसतो. शाल-श्रीफळाला नसतो. म्हाताऱ्याला स्टेजवर बसवायचं, टाळ्या वाजवायच्या, नारळ हातात द्यायचा आणि त्याच्या तोंडातलं एक वाक्यसुद्धा कागदावर उतरवायचं नाही, याला मी सत्कार म्हणत नाही. ही गोड बोलून केलेली हकालपट्टी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : जे दाखल झालं तेच उरलं. बाकी सगळा चहा.

आणि वाचनालयं आपल्याला दाखल करून घ्यायला कधीच उतावीळ नव्हती. त्यांच्या पाट्यांवर 'वाचन मंदिर' असं कौतुकानं लिहिलेलं असतं. मंदिर म्हणजे काय हे आपल्याला सांगू नका. नाशिकचं काळाराम मंदिर आपल्या लक्षात आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. यादी परत वाचा. वाचनालय नाही. पाणी आठवलं, औषध आठवलं, पुस्तक कुणाला आठवलं नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० पासून गावोगाव मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. देशात नाव झालं. त्याच बडोद्यात १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, पारशांच्या विश्रामगृहातून सामान बाहेर पडलं. पुस्तकाला छप्पर होतं, वाचणाऱ्याला नव्हतं.

म्हणून १९२४ मध्ये बाबासाहेबांनी काय केलं बघा. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्चला सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिच्या उद्देशांत वसतिगृहं आहेत, औद्योगिक आणि शेतकीच्या शाळा आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीनं वाचनालयं, सामाजिक केंद्रं आणि अभ्यासवर्ग आहेत. महाडच्या तीन वर्षं आधी! पोटाला अन्न नसलेल्या माणसांच्या संस्थेनं उद्देशात वाचनालय लिहिलं. ते कादंबऱ्या वाचायला नाही लिहिलं. माणसं एकत्र बसावीत, बोलावीत, आपल्या परिस्थितीचा अभ्यास करावा म्हणून लिहिलं. वाचनालयात वस्तीचे कार्यक्रम ही कल्पना कुणा कार्यक्रम समितीनं काल शोधली असेल, तर त्यांना सांगा, आमच्या बापानं ती शंभर वर्षांपूर्वी घटनेत लिहून ठेवलीय.

फोर्टातलं डेव्हिड ससून वाचनालय घ्या. १८४७ साली टाकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण मेकॅनिक-फोरमननी यंत्रांचे नमुने आणि पुस्तकं जमवायला ते सुरू केलं. पुढं ससूनसाहेबांनी ६० हजार रुपये दिले, १८७० साली दगडी इमारत उभी राहिली. आधी नावात 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' होतं, नंतर तेही गेलं. देणाऱ्याचं नाव राहिलं, काढणाऱ्यांचं पुसलं. ते मेकॅनिक म्हणजे आपले हमाल नव्हेत, खोटा अभिमान नको. पण एवढं ध्यानात घ्या की हातानं काम करणाऱ्यांनी वाचनालय काढलं ही गोष्ट आजकालची नाही, आणि ती विसरायला लावणं हीसुद्धा आजकालची गोष्ट नाही.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण वेळ राहिलेला नाही. बीडीडी चाळी बघा. १९२० च्या दशकात सरकारनं बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं. आता टॉवर येताहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. संडास घरात आला याचं दुःख करणारा कवी मी नाही. चाळीच्या आठवणींनी गळे काढणारे बहुतेक चाळीत राहिलेलेच नसतात. पण घर बदलताना ट्रंक उघडते. ट्रंकेत काय असतं? युनियनच्या पावत्या. जलशाची वही, तिच्यात कुणी काकांनी उतरवून घेतलेली गाणी. जयंतीची हँडबिलं. १९५६ च्या दीक्षेला नागपूरला गेलेल्या आजीचा एकुलता एक फोटो. गिरणीचा पास. पोरगा म्हणतो, नव्या घरात हा कचरा नको. रद्दीवाला किलोवर नेतो. आपला इतिहास आज मुंबईत किलोवर जातोय मित्रांनो, आणि भाव आपणच ठरवू देतोय.

याच वरळीत ५ जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारला गेला. भस्मे आयोग बसला, अहवाल आला. आयोगाच्या कागदात पोलिसांची वेळ असते, गोळ्यांचा हिशेब असतो. कोणत्या चाळीत कुणी कुणाला पोटमाळ्यावर लपवलं, नळावर कोणत्या बायका अंगावर आल्या आणि कोणत्या आडव्या पडल्या, रात्री पोरांना कोणत्या जिन्यानं बाहेर काढलं, हे कागदात नसतं. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दर महिन्याला त्यातलं एक तिरडीवर जातं, आणि एक अख्खं कपाट जळतं. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झालं. दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांच्या वेळचा छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे पाडला गेला. भिंती आपल्या हातात नव्हत्या. तोंडं आपली आहेत.

कुणी म्हणेल, हमालाच्या आणि मोलकरणीच्या आठवणींना काय इतिहास म्हणतात? त्याला दोन पुस्तकं दाखवा. १९८९ मध्ये मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांची घरं शोधत त्या फिरल्या, समोर बसून विचारलं, लिहून घेतलं. ज्या बायकांना चळवळीच्या स्टेजवरसुद्धा सतरंजी घालण्यापुरतं बोलावलं जायचं, त्या पुस्तकात बोलल्या. हे आपल्यातल्या पुरुषांनीही ऐकून ठेवावं. दुसरं, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांना बोलतं करून गिरणगावचा इतिहास लिहिला. दोन्ही वेळा इतिहास वस्तीतच होता. फक्त कुणीतरी वही घेऊन जिना चढावं लागलं. हे जिने वाचनालयापासून किती लांब आहेत? हाकेच्या अंतरावर.

आता आपल्यातल्या शूरांचा आक्षेप. ते म्हणतात, ही वाचनालयं पांढरपेशांची, मारा त्यांना गोळी, आपण विहारात आपलं वाचनालय काढू. जरूर काढा. पण आधी विहारातल्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते सांगा. बहुतेक ठिकाणी ती एका साहेबांकडं असते आणि साहेब गावाला गेलेले असतात. ग्रंथ आत, धूळ बाहेर. शिवाय सार्वजनिक वाचनालय कुणाच्या बापाचं नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं राज्यातल्या अकरा-बारा हजार वाचनालयांना मान्यता आहे, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान आहे. अनुदान म्हणजे आपला पैसा. माचिसच्या पेटीवर कर भरतो आपण. महाडला बाबासाहेब घसा ओला करायला गेले नव्हते. जे सार्वजनिक आहे ते आमचंही आहे, हे सिद्ध करायला गेले होते. वाचनालय हे चवदार तळंच आहे. फरक एवढाच की इथं कुणी लाठी घेऊन अडवत नाही. इथं फॉर्म देतात.

फॉर्मची गंमत सांगतो. एका वाचनालयात मी सभासद व्हायला गेलो. अनामत भरायला तयार होतो. बाई म्हणाल्या, जुन्या सभासदाची शिफारस आणा आणि पगाराची पावती दाखवा. कंत्राटी हमालाला पगाराची पावती? तीन खेपा मारल्या. चौथ्या खेपेला गोदीतल्या एका क्लार्कनं शिफारस दिली तेव्हा मी वाचक झालो. मॅट्रिक पास माणसाला वाचायची परवानगी मिळवायला तीन खाडे! आणि वेळ बघा, साडेसातला कुलूप. पाळी सुटून, अंग धुऊन माणूस पोचतो तेव्हा शिपाई खिडक्या लावत असतो. म्हणजे वाचनालय उघडं असतं तेव्हा आम्ही कामावर, आम्ही मोकळे तेव्हा ते बंद. हा योगायोग नाही. याला बंदोबस्त म्हणतात.

तेव्हा रडगाणं पुरे. मागण्या लिहून घ्या :

१. प्रत्येक वाचनालयानं महिन्यातून एक संध्याकाळ वस्तीला द्यावी. रात्री आठनंतर. वक्ता बाहेरून आणायचा नाही. हमाल, सफाई कामगार, गिरणी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, जलसाकार, शाहीर हेच बोलतील. प्राध्यापक खाली बसून ऐकतील. ऐकण्याची त्यांनाही सवय व्हावी.

२. जे बोललं जाईल ते रेकॉर्ड व्हावं, कागदावर उतरावं, बोलणाऱ्याला वाचून दाखवावं, त्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि ते बांधून दाखल नोंदवहीत चढवावं. क्रमांकासकट. त्याच्या भाषेत. 'लिवलंय'चं 'लिहिले आहे' करायचं नाही.

३. वस्तीतले कागद, फोटो, पावत्या यांच्या प्रती वाचनालयानं करून घ्याव्यात आणि मूळ कागद मालकाला परत द्यावेत. इतिहास मागताना घरातून काहीही उचलून न्यायचं नाही. आपलं पुष्कळ नेलंय लोकांनी.

४. शिफारसीची अट रद्द. रेशनकार्ड पुरे.

५. गोदीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाचनालयांनी १४ एप्रिलला हाराबरोबर स्फोटात गेलेल्या कामगारांची नावं शोधायचं काम हातात घ्यावं. एक नाव सापडलं तरी चालेल. एक नाव म्हणजे एक माणूस.

मागण्या केल्या म्हणून कुणी ताट वाढून देत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून दुसरी बाजू. बहुतेक वाचनालयं नोंदणीकृत संस्थांची असतात. संस्थेला घटना असते, वार्षिक सर्वसाधारण सभा असते, निवडणूक असते. त्या सभेला वीस टाळकी हजर असतात आणि तीच वीस टाळकी वर्षानुवर्षं कार्यक्रम ठरवतात. घटनेची प्रत मागा. मताचा हक्क कोणत्या सभासदाला आहे ते वाचा. मग एका वस्तीतून पन्नास जणांनी सभासद व्हा. वर्गणी भरा, पावती जपा, सभेची तारीख लिहून ठेवा. मोर्चाला आपण हजार जातो, सभेला पन्नास जायला काय हरकत आहे? काच फोडायला एक दगड पुरतो आणि दुसऱ्या दिवशी नवी काच बसते. बहुमतानं झालेला ठराव इतिवृत्ताच्या वहीत बसतो, तो सहजासहजी निघत नाही.

आणि वाचनालयं हलेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. हा अंक हातात आहे त्या प्रत्येकानं या महिन्यात एक काम करावं. आपल्या चाळीतलं, झोपडपट्टीतलं, इमारतीतलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. मोबाइल सगळ्यांकडं आहे, रील बघायला पुरतो तसा रेकॉर्डिंगलाही पुरतो. नाव विचारा. गाव विचारा. मुंबईत कोणत्या साली आलात, पहिलं काम कोणतं, पहिला पगार किती, पहिल्यांदा बाबासाहेबांचं नाव कुणाकडून ऐकलं, हे विचारा. आजींना आधी विचारा, आजोबांना नंतर. उतरवून काढा, दोन प्रती करा. एक त्यांच्या घरी द्या. दुसरी घेऊन जवळच्या वाचनालयात जा, टेबलावर ठेवा आणि शांतपणे म्हणा, "हे आमच्या विभागाच्या इतिहासाचं पुस्तक आहे. दाखल करून घ्या आणि क्रमांक सांगा."

क्रमांक मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका.

जय भीम.